‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधीचे तीन अंक

सातबारा असो की उत्पन्नाचा दाखला, कर्जत-खालापुरात आता बहुतेक कामं संगणकावरूनच होतात. कशेळ्याहून कर्जतला किंवा वावोशीहून खालापूरला आलेला माणूस सेवा केंद्रात रांग लावतो आणि ऐकतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ गाडीभाडं गेलं, रोजही बुडाला. पडद्यावर मात्र अनेकदा नेमकं कारण उमटलेलं असतं: ४०४, ४०३ किंवा ५०३. या आकड्यांना कूळ आहे, आणि ते माहीत असलं की चूक कोणत्या बाजूची, हे बरंचसं उमगतं.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचे पहिले नियम लिहिले, तेव्हा त्यात हे आकडे नव्हते. काही बिघडलं तर सर्व्हर साध्या मजकुरात तसं सांगे. माणूस ते वाचून समजे. ब्राउझरला मात्र मागितलेलं पान कोणतं आणि नकार कोणता, हे ओळखता येत नसे. म्हणून १९९२ मध्ये उत्तराच्या माथ्यावर तीन अंक आले.

कल्पना जुनीच होती. फायली पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीत ती १९७०च्या दशकात रुळली, १९८२ साली ईमेलच्या नियमांतही आली. तिथे पहिला अंक ४ असला तर अडचण तात्पुरती, ५ असला तर नकार कायमचा. वेबने अंक घेतले, अर्थ फिरवला. ४ म्हणजे मागणीत खोट, ५ म्हणजे सर्व्हरकडे बिघाड. फाईल सापडली नाही तर एफटीपी ५५० म्हणे, वेब ४०४ म्हणू लागलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात जबाबदारी कोणाची हे पहिल्याच अंकात सांगितलं आहे. (सर्नमधल्या ४०४ क्रमांकाच्या खोलीवरून हा आकडा आला, ही कथा मात्र खोटी. बर्नर्स-लींचे सहकारी रॉबर्ट कायो यांनीच ती फेटाळली.)

४०४ दिसला तर पत्ता तपासावा. पान हलवलेलं किंवा काढलेलंही असू शकतं. ४०३ म्हणजे मागणी कळली, पण परवानगी नाही. ५०३ म्हणजे सर्व्हरवर ताण आहे किंवा तो दुरुस्तीसाठी बंद आहे. अर्जदाराने शंभरदा माहिती भरली तरी हा आकडा हटत नाही.

‘सेशन संपलं’ हा निरोप वेगळ्या घराण्यातला. वेबला आधीची मागणी आठवत नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवायची युक्ती काढली. तीच कुकी. आपण लॉग-इन केलं आहे, हे संकेतस्थळाला बहुधा तिच्यामुळेच कळतं. ती जुनी झाली की पुन्हा लॉग-इन करावं लागतं. कधी त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज पुसल्या तरी काम होतं. ब्राउझरमधलं सगळंच पुसू नये, साठवलेले पासवर्डही जातील.

तेव्हा ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं तर आकडा विचारा. तो ५ने सुरू होत असेल तर तारीख-वेळेसह पडद्याचा फोटो घ्या आणि मुदत उलटण्याआधी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.