शिकवण्याची परवानगी कोण देतो? पिलाटेस आणि बारच्या शिक्षकांचा इतिहास

मराठीत तालीम म्हटले की कोल्हापूरची लाल माती आणि वस्ताद आठवतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि उस्ताद म्हणजे शिक्षक. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हा फरक वर्गात वारंवार समजावून सांगावा लागतो. खरे तर तो फरक नाहीच. शरीर घडवणे हेही शिकवणेच आहे, हे आपल्या भाषांनी फार पूर्वी मान्य केले आहे. प्रश्न पुढचा आहे. शाळेत शिकवायला बीएड लागते. शरीराला शिकवणाऱ्याला शिक्षक कोण ठरवतो?

माझी एक जुनी विद्यार्थिनी बीकॉम झाल्यावर पिलाटेस आणि बार या व्यायामांची प्रशिक्षक व्हायचे म्हणते. घरच्यांचा आक्षेप असा की, ‘कसरत शिकवणे ही काय नोकरी झाली?’ तिची अडचण निराळी होती. एक संस्था दोन दिवसांत प्रमाणपत्र देते, दुसरी वर्षभर घेते. फी आईच्या बचत गटाच्या कर्जातून जाणार, म्हणजे चूक परवडणारी नाही. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी या दोन पद्धतींचा इतिहास वाचला आणि त्यात मला आपल्याच पेशाचा जुना वाद सापडला.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म 1883 साली जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना आधी लँकेस्टर आणि नंतर आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकेलो छावणीत डांबले गेले. या छावणीत 20 हजारांहून अधिक माणसे तारेच्या कुंपणाआड होती. तिथे त्यांनी आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, अशी गोष्ट पिलाटेसच्या वर्गांतून सांगितली जाते. इतिहास म्हणून ती जपूनच घ्यावी. पण पुढे त्यांनी बनवलेल्या ‘रिफॉर्मर’ या यंत्राकडे पाहिले की खाट आठवतेच. एक लाकडी चौकट, तिच्यात मागेपुढे सरकणारी फळी आणि तिला जोडलेल्या स्प्रिंगा, असे ते यंत्र आहे.

1926 च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. एट्थ अव्हेन्यूवर त्यांनी जोडीदार क्लारा यांच्यासह व्यायामशाळा चालवली. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. 1945 साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात सतरंजीवर करायचे 34 व्यायाम आहेत. जवळपास नृत्याच्या शाळा होत्या. जॉर्ज बॅलन्शिन यांच्यासारखे नृत्यगुरू जखमी नर्तकांना त्यांच्याकडे पाठवत. रोमाना क्रिझानोव्स्का अशीच दुखऱ्या घोट्याने आली आणि पुढे शिक्षिका झाली. ईव्ह जेंट्री, कॅरोला ट्रायर, रॉन फ्लेचर यांनीही तिथेच घेतले आणि नंतर आपापल्या ठिकाणी शिकवले.

या मंडळींजवळ प्रमाणपत्र नव्हते. आधी स्वतःचे शरीर दुरुस्त करून घ्यायचे, मग दुसऱ्याचे दुरुस्त होताना पाहायचे, मग हाताखाली काम करायचे. गुरूला वाटले की हा आता चुकत नाही, तेव्हा शिकवायचे. उस्ताद-शागिर्दीची ही रीत आपल्याकडच्या गवयाला किंवा पैलवानाला समजावून सांगावी लागणार नाही. कागदोपत्री प्रशिक्षण म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या दोघी म्हणजे कॅथी ग्रँट आणि लोलिता सान मिगेल. न्यूयॉर्क राज्याच्या पुनर्वसन कार्यक्रमाखाली पिलाटेस यांच्याकडे शिकून 1967 साली त्यांना प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी पिलाटेस वारले. त्यांनी कोणाला वारस नेमले नव्हते.

बारचा जन्मही एका विस्थापित जर्मन व्यक्तीच्या हातून झाला. बॅले शिकणारे ज्या लाकडी दांड्याला धरून सराव करतात तो बार. लोटे बर्क ही कोलोनची ज्यू नर्तकी. हिटलरच्या राज्यातून निसटून ती लंडनला आली. पाठीला दुखापत झाल्यावर नृत्याचा सराव आणि दुखापतीनंतरचे उपचारी व्यायाम यांची तिने सांगड घातली आणि 1959 साली मँचेस्टर स्ट्रीटवरच्या एका तळघरात वर्ग सुरू केला. तिची शिष्या लिडिया बाख हिने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत न्यूयॉर्कला नेली. तिथल्या स्टुडिओतून पुढे आलेल्या स्त्रियांनी 2006 मध्ये ‘फिजिक 57’ काढले आणि त्याची शाखा पुढे मुंबईतही आली. म्हणजे इथेही आधी हाताने हाताला शिकवले गेले, कंपन्या नंतर आल्या.

पिलाटेसचा वाद मात्र कोर्टात गेला. ‘पिलाटेस’ हे नाव आपल्या मालकीचे आहे, आपल्या परवानगीशिवाय कोणी ते लावू नये, असे एका कंपनीचे म्हणणे होते. ज्यांनी मूळ शिष्यांकडून वर्षानुवर्षे धडे घेतले त्यांनाही नाव काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या. ऑक्टोबर 2000 मध्ये मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की योग किंवा कराटे यांच्याप्रमाणे पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचे नाव आहे, ते कोणा एकाचे असू शकत नाही.

मला हा निकाल योग्य वाटतो. विद्येला कुलूप लावता येऊ नये. पण त्याचा दुसरा परिणामही पाहिला पाहिजे. नाव सर्वांचे झाले आणि त्या दिवसापासून कोणालाही आपण पिलाटेस शिकवतो असे म्हणता येऊ लागले. म्हणून 2001 मध्ये शिक्षकांनीच एक संघटना उभारली आणि पुढे स्वतंत्र परीक्षा सुरू केली. सर्व यंत्रांसह पूर्ण प्रशिक्षणासाठी साधारण 450 तास हा मापदंड तिथून रूढ झाला. हे तास शरीररचना, स्वतःचा सराव, दुसऱ्यांच्या वर्गाचे निरीक्षण आणि देखरेखीखाली शिकवणे यांत वाटलेले असतात. बारचे प्रशिक्षण मात्र काही ठिकाणी शनिवार-रविवारी उरकते.

इतके तास कशाला? एक उदाहरण घ्या. रिफॉर्मरवर स्प्रिंग कमी केली की काम हलके होईल असे कोणालाही वाटेल. पण काही व्यायामांत स्प्रिंगच शरीराला आधार देते. ती काढली की काम अवघड होते. दुसरे उदाहरण. पाठीवर झोपून एकेक मणका उचलत उठून बसण्याचा व्यायाम तरुणीला चालतो, पण हाडे ठिसूळ झालेल्या साठीच्या बाईला त्यानेच मणक्याला इजा होऊ शकते. वर्गात दोघी शेजारी शेजारी असतात. व्यायामांची यादी पाठ असणे आणि समोरच्या माणसाला काय द्यायचे नाही हे कळणे, यातले अंतर त्या तासांत भरून निघते.

बीएडला आम्हाला सराव पाठ घ्यावे लागत. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसत. पाठ टाचण कितीही सुंदर असो, त्यांची नजर मुलांच्या चेहऱ्याकडे असे. त्या वहीतल्या लाल शेऱ्यांनी मला जेवढे शिकवले तेवढे कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. पदवीच्या कागदावर त्या शेऱ्यांचा उल्लेखही नाही. म्हणून कागद खोटा ठरत नाही, पण त्याची किंमत त्याच्यामागच्या पाठांवरून ठरते.

विद्यार्थिनीला मी संस्थेचे नाव सुचवले नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. शिकवणारे स्वतः कोणाकडे शिकले? मला किती वर्ग नुसते बसून पाहायला मिळतील? आणि मी शिकवत असताना मागे बसून माझ्या चुका कोण लिहील? तिसऱ्या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर नसेल, तिथे आईचे पैसे भरू नकोस. आणि घरच्यांना सांग, ही तालीमच आहे, दोन्ही अर्थांनी.