किल्लीवाल्याची थैली

आमच्याकडं कुलूप तसं उशिरा आलं. जुन्या घराला आतनं अडसर असायचा. भिंतीतल्या भोकातनं सरकवला की दार बंद. बाहेरनं कडी-कोयंडा, त्यात एखादी खुंटी. घरात चोरण्यासारखं होतं ते धान्य, आणि ते पेवात नाहीतर कणगीत. पेव उपसायचं म्हणजे चार गडी लागणार, गुपचूप होणारं ते काम नव्हे. शिवाय घरात एखादं म्हातारं माणूस कायम असायचंच. वाण्याच्या दुकानाला आणि सावकाराच्या पेटीला तेवढं कुलूप.

त्या काळात हत्याराची किंमत काय, हा प्रश्न शेतकऱ्याला फारसा पडत नव्हता. लोहार बलुतेदार. फाळ, कुऱ्हाड, विळा, खुरपं शेवटून द्यायचं आणि सुगीत खळ्यावर बलुतं न्यायचं. आता यात एक मेख होती. लोहारानं विळ्याला पाणी नीट दिलं नाही, तर तो विळा आठ दिवसांत परत त्याच्याच भात्यापुढं येणार. पुन्हा कोळसा जाळा, पुन्हा घण मारा, आणि बलुतं तेवढंच. म्हणजे वाईट कामाचा भुर्दंड करणाऱ्यालाच बसायचा. मी बलुतेदारीचं गुणगान करत नाही. लोहाराच्या वाट्याला किती यायचं आणि कुणाच्या मर्जीनं यायचं, ते गावाला ठाऊक आहे. पण हत्यार चांगलं निघावं यात घेणाऱ्याइतकाच करणाऱ्याचा फायदा होता, एवढं खरं.

पुढं रोकडीचा व्यवहार आला. ७२ च्या दुष्काळानंतर आमच्या भागातली माणसं मुंबईला गेली, कोणी ऊसतोडीला गेली. घरं सहा-सहा महिने बंद राहायला लागली. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, त्यांच्या पेट्या आल्या. मग आठवडी बाजारात पाल टाकून कुलपं विकायला आली आणि त्यांच्या मागोमाग किल्लीवाला आला.

आमच्या बाजारात बसणारे चाचा शिकलगार. शिकलगार म्हणजे मुळात तलवारी-खंजिरांना धार आणि चकाकी देणारा. राज्यं गेली, फौजा मोडल्या, तशी ही माणसं सुऱ्या-कात्र्यांवर आली आणि त्यातली काही किल्ल्यांकडं वळली. चाचांची एक कातडी थैली होती. तीत चार-पाच आकडे, तीन कानशी, एक छोटा हातोडा, एक पक्कड, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. बस. कोरी किल्ली दिव्यावर धरून काजळी चढवायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, बाहेर काढून जिथं खूण उमटली तिथं कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. ऐकायला सोपं, पण अर्धा अर्धा तास माणूस मान वर करत नसे.

शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचो. बाजारात भंगारवाल्याकडं सायकलची तार मिळायची चार आण्याला. मी विचारलं, "चाचा, आकडे त्याचेच का करत नाही?"

"पोरा, ती तार मऊ असती. जरा जोर दिला की वाकती."

"मग करवतीचं पातं?"

"ते कडक. वाकत नाही, पण कट्‌कन तुटतं. तुटलं तर माझा आकडा जातो चार आण्याचा, आणि गिऱ्हाइकाचं कुलूप जातं वीस रुपयाचं."

ते स्वतः जुन्या घड्याळाच्या कमानीचं पोलाद घ्यायचे, नाहीतर छत्रीच्या काड्या. तापवून, ठोकून, बेताचं पाणी देऊन घ्यायचे. पाणी कमी झालं तर हत्यार नमतं, जास्त झालं तर मोडतं. कानस मात्र तालुक्याहून भारीतली आणायचे. स्वस्त कानशीचे दात दहा-बारा किल्ल्यांत बोथट होतात आणि मग हात जोर करतो, जोर केला की खूण चुकते, असं त्यांचं म्हणणं.

पुढं कधीतरी वाचनात आलं की लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिरानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. त्याच्या दुकानाच्या खिडकीत तसलं एक कुलूप मांडलं होतं, आणि ते उघडणारं हत्यार जो बनवील त्याला २०० गिनी बक्षीस लावलं होतं. बक्षीस होतं ते हत्याराला! साठ वर्षं कोणाला जमलं नाही. १८५१ साली तिथं जगाचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि त्या कामासाठी त्यानं खास हत्यारं केली होती. कुलूप जेवढं जातिवंत, तेवढं हत्यारही जातिवंत लागतं.

आपल्याकडचं उदाहरण अर्देशीर गोदरेजांचं. त्यांनी आधी डॉक्टरांची शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली. माल पसंत पडला, पण घेणारा त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का मारू देईना. अर्देशीरांनी तो धंदा सोडला, शिक्का सोडला नाही. १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला लागले. म्हणजे दर्जा नुसता वस्तूत नसतो, घेणाऱ्याच्या डोळ्यातही असतो. विलायती म्हटलं की चांगलं, ही खोड जुनीच.

आता बाजारात जे घडलं ते सांगतो. चाचा थकले. त्यांच्याजागी एक नवा पोरगा बसायला लागला. पैसे निम्मे घ्यायचा. गावातल्या एका विधवा मावशीच्या पेटीची किल्ली हरवली. पेटीत जमिनीचं खरेदीखत, आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला तारीख. मावशीनं पैसे वाचतात म्हणून पोराला बोलावलं. त्याचा आकडा कुलपात तुटला. तुकडा असा अडकला की किल्लीही जाईना. शेवटी छिन्नीनं कोयंडा तोडला, पेटीचा पत्रा फाटला. कागद मिळाले, तारीख साधली. पण पेटी मावशीच्या लग्नातली होती. पोरानं पैसे घेतले नाहीत, मान खाली घालून उभा राहिला. त्याला तरी काय बोलायचं? चांगलं पोलाद घ्यायला त्याच्याकडं पैसा नव्हता आणि निम्म्या मजुरीत तो येणारही नव्हता.

तेव्हा मला चाचांचं बोलणं नीट उमगलं. हलक्या हत्याराची किंमत घेणारा थोडी भरतो, बाकीची भलताच कोणीतरी भरतो. बलुत्यात ती फिरून लोहारावर यायची. बाजारात ती मावशीवर गेली.

म्हणून प्रत्येक वस्तू भारीतलीच घ्यावी असं मी म्हणत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला साधं कुलूप पुरतं. वर्षातनं एकदा लागणारी पहार शेजारून मागून आणावी. पण जे हत्यार रोज हातात येतं, किंवा दुसऱ्याच्या वस्तूत घालायचं असतं, तिथं घासाघीस जरा आवरावी. दुकानात माझी मुलं पहिल्यांदा विचारतात, कितीला? विचारावंच, पैसा कष्टाचा आहे. त्याच्या जोडीला एवढंच विचारावं, की हे मोडलं तर कोणाचं काय जाईल? आपलंच जाणार असेल तर स्वस्त घेऊन बघावं. दुसऱ्याचं जाणार असेल तर दोन पैसे जास्त मोजावेत.