पेशवाईंतील देहान्त शासन

मराठी राज्यांतील फौजदारी न्यायाविषयीं लिहितांना बहुतेक लेखक दोन टोंकांना जातात. कांहींच्या मतें हत्तीच्या पायीं देणें, कडेलोट करणें व तोफेच्या तोंडीं देणें हाच मराठ्यांचा नित्याचा न्याय होता. दुसऱ्यांच्या मतें रामशास्त्र्यांच्या एका नांवांत सर्व न्यायाचें वर्णन येऊन जातें. या दोहोंपैकीं कोणतेंही मत कालभेद लक्षांत घेत नाहीं. देहान्त शासनाचा प्रचार मराठी राज्यांत सर्व काळीं सारखा नव्हता. तो कमी होता, मग वाढला. आणि तो वाढला त्या वर्षांचा राज्याच्या अंतःस्थितीशीं निकट संबंध आहे. तो संबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही वाढ प्रथम स्पष्टपणें निदर्शनास आणिली ती न्या. महादेव गोविंद रानडे यांनीं. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींवर रानड्यांनीं जी प्रस्तावना लिहिली, तींत त्यांनीं असें दाखविलें कीं, शाहू महाराज व बाळाजी बाजीराव यांच्या काळांत खून, फितूर व दरवडा यांसारख्या गुन्ह्यांसही बहुधा दंड किंवा कैद हीच शिक्षा होई. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत क्वचित् हातपाय तोडण्याची शिक्षा आढळते. आणि नाना फडणिसांच्या कारभारांत मात्र शिरच्छेद व अवयवच्छेद यांचें प्रमाण एकदम वाढलेलें दिसतें. या कठोरपणाचें कारण पुण्यांतील पक्षभेदाची कटुता हें असावें, असाही त्यांचा अभिप्राय आहे. रोजनिशींचे छापील उतारे निवडक आहेत हें खरें, व उताऱ्यांत शिक्षा दिसत नाहीं म्हणून ती झालीच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तथापि एकाच पद्धतीनें निवडलेल्या कागदांत एका कालखंडापासून पुढें जी गोष्ट वारंवार दिसूं लागते, तिला कारण असलेंच पाहिजे.

प्रथम शास्त्राची बाजू पाहूं. पुण्याच्या न्यायाधीशांस आधार होता तो याज्ञवल्क्यस्मृति, तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख यांचा. देहान्त शासनास या शास्त्राचा सर्वसाधारण विरोध नाहीं. परंतु ब्राह्मणाचा वध करूं नये, त्याचें मुंडन करावें किंवा त्यास राज्याबाहेर घालवावें, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. त्याच अध्यायांत दुसरीकडे, चाल करून येणारा आततायी हा गुरु, बालक, वृद्ध किंवा बहुश्रुत ब्राह्मण असला तरी त्यास मारावें, असेंही वचन आहे. या दोन वचनांचा मेळ कसा घालावा, हा जुना वाद होय. मिताक्षराकारानें याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायावर टीका करतांना आततायिवधाच्या वचनावरून ब्राह्मणाचा वध विहित ठरत नाहीं असेंच मानलें आहे. म्हणजे राज्यरक्षणाची गरज एकीकडे व वर्णाचें संरक्षण दुसरीकडे असा प्रसंग आला असतां शास्त्री लोकांचा कल कोणीकडे जाणार हें आधींच ठरलें होतें. पेशवाईंतील देहान्त शासनाचे बहुतेक वाद याच खडकावर येऊन आदळले आहेत.

व्यवहाराची बाजू पाहतां शिवकालांतही देहदंडापेक्षां अवयवच्छेदाचींच उदाहरणें अधिक ठळक आहेत. रांझें गांवच्या पाटलानें बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले व पाटिलकी गुजर घराण्यांतीलच दुसऱ्या पुरुषास दिली. याच्या उलट उदाहरण संभाजी महाराजांच्या कारकीर्दीचें. इ. स. १६८१ मध्यें अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी इत्यादि मोठमोठे पुरुष कटाच्या आरोपावरून मारले गेले. यांपैकीं अण्णाजी ब्राह्मण होता. ब्राह्मण्यानें त्याचें रक्षण केलें नाहीं. राजद्रोहापुढें शास्त्राचा निर्बंध ढिला पडतो, ही गोष्ट यावरून प्रथम दिसते, व पुढील शतकांतही ती पुनः पुनः दिसते.

शाहूच्या राज्यांत व नंतरच्या पांचपंचवीस वर्षांत राजकीय अपराध्यासही बहुधा किल्ल्यावरची कैद पुरत असे. तुळाजी आंग्रे १७५६ मध्यें हातीं लागला. त्यास ठार न करितां मरेपर्यंत कैदेंत ठेविलें. राघोबादादांनीं उघड बंड केलें, धोडपच्या लढाईंत ते १७६८ मध्यें हरले. थोरल्या माधवरावांनीं त्यांस शनिवारवाड्यांत अटकेंत ठेवण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. खुनाच्या सामान्य प्रकरणीं खून करणाऱ्याकडून सरकारांत गुन्हेगारी घेणें आणि मृताच्या वारसास जमीन देऊन समजूत काढणें हा मार्ग होता. अशा जमिनीस खुनकत म्हणत. ही पद्धत आजच्या वाचकास सौम्य वाटेल. परंतु तिचें मूळ केवळ दयेंत नव्हतें. खून हा प्रथमतः घराण्याचा अपराध, नंतर राज्याचा, अशी ती समजूत होती. भांडण मिटलें कीं न्याय झाला.

या स्थितींत पालट झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजीं. नारायणराव पेशवे शनिवारवाड्यांत गारद्यांकडून मारले गेले. ज्याच्या नांवानें सर्व शिक्षा होत, त्याचाच वध त्याच्या वाड्यांत व्हावा आणि संशय त्याच्या चुलत्यावर यावा, असा प्रसंग या राज्यावर पूर्वीं आला नव्हता. रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व पुणें सोडलें, ही वार्ता ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. या वार्तेंतील एक शब्द बहुधा दुर्लक्षिला जातो. शास्त्र्यांनीं सांगितलें तें प्रायश्चित्त होय, दंड नव्हे. दंड राजा देतो. प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो. ब्राह्मणास राजानें मारूं नये हें शास्त्र मोडल्यावांचून, अपराधाची किंमत प्राण हीच आहे असें सांगण्याची ही एकच वाट न्यायाधीशापुढें मोकळी होती. ती त्यांनीं निर्भयपणें चोखाळली. पण तिचा अंमल करणें अपराध्याच्याच हातीं राहिलें, आणि दादांनीं तें प्रायश्चित्त घेतलें नाहीं.

बारभाईंनीं सत्ता हातीं घेतल्यावर मारेकऱ्यांचा जो पाठलाग झाला तो कित्येक वर्षें चालला. महंमद इसफ १७७५ मध्यें पकडला जाऊन मारला गेला. हैदराच्या आश्रयास गेलेले खरकसिंग व तुळाजी पवार १७८० मध्यें परत आणवून ठार करण्यांत आले. आतां याच सुमारास ब्राह्मण मुत्सद्यांचें काय झालें तें पहा. मोरोबादादांनीं १७७८ मध्यें कारभार उलथून पाडला. त्यांस अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. सखारामबापूंस १७७९ मध्यें धरलें. ते किल्ल्यांवर कैदेंत राहून १७८१ मध्यें वारले. कट मोठा कोणाचा व लहान कोणाचा हा प्रश्न बाजूस ठेविला तरी शासन कोणत्या बाजूस प्राणान्तिक होतें व कोणत्या बाजूस नव्हतें, हें स्पष्ट आहे.

याला एक अपवाद मात्र घडला, आणि तोच सर्वांत बोधप्रद आहे. सदाशिवराव भाऊंचें नांव सांगणारा तोतया हा कनोजा ब्राह्मण होता. माधवरावांच्या कारकीर्दींत चौकशी होऊन तो खोटा ठरला तेव्हां त्यास कैदेंत टाकण्यापलीकडे शिक्षा झाली नाहीं. पुढें रत्नागिरीच्या कैदेंतून सुटून १७७६ मध्यें त्यानें कोंकणांत मोठें बंड माजविलें. त्यास धरून पुण्यांत आणल्यावर पुनः चौकशी झाली, आणि त्याच वर्षाअखेर त्यास देहान्त शासन झालें. मनुष्य तोच व लबाडीही तीच. जात बदलली नव्हती, आणि शास्त्रही बदललें नव्हतें. बदलली होती ती राज्याची स्थिति. माधवरावांच्या वेळीं गादीवर कर्ता पेशवा होता; १७७६ मध्यें गादीवर दोन वर्षांचें मूल होतें, व दादा इंग्रजांच्या आश्रयानें हक्क सांगत होते. दुर्बळ सरकारास कैदेवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. कैदी सुटला कीं त्याच्याभोंवतीं फौज जमते. रानड्यांनीं ज्यास पक्षभेदाची कटुता म्हटलें, तिच्या मुळाशीं ही भीति होती असें आम्हांस वाटतें. नानांच्या स्वभावांतील क्रौर्यावर सर्व भार टाकण्यापेक्षां हें स्पष्टीकरण अधिक समाधानकारक आहे. कारण त्यानें दरवडेखोरांच्या शिक्षा कां वाढल्या याचाही उलगडा होतो. सतत युद्धामुळें मुलूख उघडा पडला, पेंढार व दरवडे माजले, आणि दहशत हाच स्वस्त बंदोबस्त ठरला.

घाशीराम कोतवालाचें प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. ऑगस्ट १७९१ मध्यें त्याच्या चावडींत कोंडलेले तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले. त्यांची संख्या एकवीस सांगतात. रामशास्त्री १७८९ मध्येंच वारले होते व न्यायासनावर अय्याशास्त्री होते. घाशीराम हा स्वतः उत्तरेकडील ब्राह्मण. तरीही शहर खवळलेलें पाहून त्यास देहान्त शासन ठरलें, त्यास हत्तीवरून धिंड काढून शहराबाहेर नेलें, आणि तेथें त्याचा अंत सरकारच्या हातून न होतां जमलेल्या ब्राह्मणांच्या दगडांनीं झाला. ब्रह्महत्येचें पाप सरकारनें आपल्या हातास लागूं दिलें नाहीं; आणि त्याबरोबर शिक्षेची मर्यादाही हातांतून सोडली. ज्यास न्याय म्हणून आरंभ झाला त्याचा शेवट दंग्यांत झाला.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत जें लिहिलें तें शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याचें आहे हें विसरूं नये. परंतु त्यांतील कित्येक विधानें वरील कागदांशीं जुळतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणें विशेष क्रौर्य नसेल तर खुनास देहदंड नसे, दंडावर भागे; वाटमारीस मात्र बहुधा मरणाची शिक्षा असे, कारण ती करणारे लोक खालच्या जातींचे असत. बऱ्या जातीचा मनुष्य राज्यापराधाशिवाय क्वचितच मारला जाई. पूर्वीं प्राण घेण्याचा अधिकार सरसुभेदार व मोठे सरदार यांजकडेच असे; बाजीरावाच्या वेळीं साधा मामलेदारही रामोशी, भिल्ल किंवा मांग दरवडेखोरास हुजूर न विचारतां फांशीं देऊं शके. स्त्रियांस ठार मारीत नसत, पण विद्रूप करीत. आणि ज्या ब्राह्मण कैद्यांस उघड मारतां येत नसे, त्यांस पीठ व मीठ समभाग घालून केलेली भाकर खावयास घालून मारीत, असेंही त्यानें ऐकून लिहिलें आहे. ही शेवटची गोष्ट ऐकीव म्हणून सोडून दिली तरी, वरचा अधिकार खालीं झिरपत गेला व त्याची धार नेमकी खालच्या जातींकडे वळली, हें विधान सोडून देतां येत नाहीं.

राजद्रोहाच्या शिक्षेचा परिणाम राज्यावरच कसा उलटतो हें एप्रिल १८०१ मध्यें दिसलें. विठोजी होळकरास पुण्यांत बाजीरावाच्या डोळ्यांदेखत हत्तीच्या पायीं दिलें. पूर्वींच्या रीतीप्रमाणें तो किल्ल्यावर राहिला असता तर वाटाघाटीस जागा उरली असती. पुढल्या वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं यशवंतरावानें हडपसरजवळ पेशव्यांची व शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला. तहाचीं इतर कारणें होतींच. परंतु त्या एका शिक्षेनें मार्ग बंद केला हें नाकारतां येणार नाहीं.

राज्य गेल्यावर शास्त्राचा निर्बंधही गेला. बंगाल्यांत ही गोष्ट आधींच घडली होती: ५ ऑगस्ट १७७५ रोजीं महाराजा नंदकुमार या ब्राह्मणास, खोटा कागद केल्याबद्दल, इंग्लंडांतील कायद्यान्वयें कलकत्त्यास फांशीं दिलें, आणि तो कायदा हिंदुस्थानांतील मनुष्यास लागू होता काय, हा वाद पुढें पार्लमेंटांत गेला. पुण्यांत १८१८ मध्यें युरोपियनांस मारण्याचा कट उघडकीस येतांच एल्फिन्स्टननें पुढाऱ्यांस तोफेच्या तोंडीं दिलें. मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांनीं त्यास संरक्षणाचा कायदा करून घेण्याची सूचना केली; तेव्हां, मी चूक केली असेल तर शिक्षेस पात्र आहें, बरोबर केलें असेल तर संरक्षण नको, असा त्याचा जबाब होता. जबाब बाणेदार खरा. पण चूक कीं बरोबर हें ठरविणारें न्यायासन त्यांत कोठेंच नाहीं.

सारांश, मराठी राज्यांत देहान्त शासन वाढलें तें नवा कायदा झाल्यामुळें नव्हे, आणि खून वाढले म्हणूनही नव्हे. सरकारास स्वतःची भीति वाटूं लागल्यामुळें वाढलें. शास्त्रानें घातलेला अडसर एका वर्णापुरता होता. म्हणून तो वाढत्या शिक्षेस रोखूं शकला नाहीं, त्यानें तिला केवळ दुर्बळांच्या अंगावर वळविलें. हल्लीं भारतांत फांशीची शिक्षा केवळ विरळांतल्या विरळ प्रकरणीं द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निर्णय आहे. ती शिक्षा मुळांतच असावी कीं नसावी हा वादही संपलेला नाहीं. त्या वादांत इतिहासाला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, देहान्त शासनाचा विचार करितांना अपराध केवढा एवढेंच पाहून भागत नाहीं; शिक्षा देणारा त्या वेळीं किती भ्यालेला आहे, आणि ज्याचें डोकें मारिलें जातें तो कोणाचा कोण आहे, हेंही पहावें लागतें.