चार उपदाढांची कुळकथा

मुलांच्या दातांना तारा लावायच्या ठरल्या की घरात पहिला प्रश्न खर्चाचा आणि दुसरा, ‘दात काढावे लागतील का?’ गाल बसतील, तोंड बोळकं दिसेल, ही धास्ती. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात एक संगमरवरी मूर्तीही सामील आहे.

अमेरिकेतले एडवर्ड अँगल हे दात सरळ करण्याच्या शास्त्राचे मूळपुरुष. १९०० साली त्यांनी सेंट लुईसला या विषयाची शाळा काढली. निसर्गाने दिलेले सगळे दात नीट ओळीत बसवा, चेहरा आपोआप देखणा होईल, हा त्यांचा सिद्धान्त. सौंदर्याचा नमुना म्हणजे व्हॅटिकनमधली अपोलोची संगमरवरी मूर्ती! एडमंड वुअरपेल या चित्रकाराने त्यांना सांगून पाहिले की सगळ्या चेहऱ्यांना एकच माप लागत नाही. अँगलनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: ज्याचे दात पूर्ण, त्याचा चेहरा त्याच्यापुरता आदर्श.

शिकागोच्या कॅल्व्हिन केस यांना हे पटले नाही. काही तोंडांत दात काढणेच चेहऱ्याच्या हिताचे, असे ते म्हणत. १९११ मध्ये या प्रश्नावर जाहीर खडाजंगी झाली, पण चलती अँगलपंथाचीच राहिली.

गंमत अशी की या पंथाला तडा दिला तो अँगलच्याच शिष्याने. अ‍ॅरिझोनातले चार्ल्स ट्वीड वर्षानुवर्षे गुरूच्या पद्धतीने उपचार करत होते. पण रुग्ण परत येत ते ओठ पुढे आलेले आणि दात पुन्हा वाकडे झालेले. ट्वीडनी त्यांच्या चार पहिल्या उपदाढा, म्हणजे सुळ्यामागचे दात, काढून उपचार नव्याने केले, तेही फी न घेता. १९४० मध्ये अशा शंभर रुग्णांचे आधीचे-नंतरचे साचे आणि फोटो त्यांनी व्यवसायबंधूंपुढे मांडले. वादविवादाने जे झाले नव्हते ते या साच्यांनी केले. तिकडे अ‍ॅडलेडमध्ये अँगलचेच दुसरे शिष्य रेमंड बेग स्वतंत्रपणे त्याच वाटेला लागले होते.

मग दात काढण्याची लाटच आली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यात १९५३ मध्ये ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात. १९६८ मध्ये ७६ टक्के आणि १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्के. मुलांचे जबडे काही चाळीस वर्षांत असे बदलले नव्हते. बदलली ती डॉक्टरांची मते.

चेहऱ्याचे म्हणाल तर हिशोब जागेचा आहे. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद. दाटीवाटी खूप असेल तर ती जागा वाकडे दात सरळ करण्यातच संपते, ओठ फारसे हलत नाहीत. दाटी नसेल तर पुढचे दात मागे जातात आणि ओठही थोडे मागे येतात, पण दातांपेक्षा कमी. ओठ पुढे असलेल्याला ते शोभते. मुळात पातळ ओठ आणि मोठे नाक असलेल्याला नाही. म्हणून डॉक्टरांना ‘दात काढणार का’ एवढेच विचारू नका. मिळालेली जागा कुठे खर्च होणार, तेही विचारा.