हौद, पेठ आणि पाणी : पुण्यातील एका नागरी सोयीचा इतिहास

पुण्याच्या जुन्या वस्तीत फडके हौद, काळा हौद, सदाशिव पेठ हौद, पाच हौद, बाहुलीचा हौद अशी ठिकाणे आजही पत्ता सांगताना घेतली जातात, परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणी पाणी भरणारे कोणी दिसत नाही. हौद म्हणजे दूरवरून नळाने आलेले पाणी साठवण्यासाठी दगड-चुन्यात बांधलेली, बहुधा जमिनीच्या पातळीखाली उतरलेली टाकी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्यातील पेठांचे दैनंदिन जीवन मोठ्या प्रमाणावर या टाक्यांवर अवलंबून होते. त्यांच्या इतिहासाकडे केवळ बांधकामकौशल्याचा इतिहास म्हणून पाहिले, तर त्याचा अर्धाच भाग हाती लागतो. पाणी कोणी आणले, कोणाला भरू दिले आणि त्याचा खर्च कोणी सोसला या तीन प्रश्नांची उत्तरे दर काही दशकांनी बदलत गेली आणि त्या बदलांतच शहरातील सार्वजनिक सोयीची कल्पना घडत गेली.

पेठ हा शब्द मुळात बाजाराचा आहे. नवी पेठ वसवायची झाल्यास सरकार एखाद्या कर्त्या माणसाला कौल देई, म्हणजे व्यापारी, कारागीर आणि रहिवासी आणून बसवण्याचा अधिकार व त्यासाठी काही वर्षांची करसवलत लेखी स्वरूपात देई. पेठेचा कारभार शेटे-महाजन या वतनदारांकडे असे आणि त्यांना बाजारातील व्यवहारांवर ठरावीक हक्क मिळत. कसबा हा वस्तीचा सर्वांत जुना भाग; त्याच्याभोवती शहापूर, मलकापूर, मुर्तजाबाद यांसारख्या जुन्या पेठा होत्या आणि पेशवाईत त्या अनुक्रमे सोमवार, रविवार व शनिवार या वारांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात जिवाजीपंत खासगीवाले यांनी शुक्रवार पेठेच्या वसाहतीला चालना दिली, पुढे सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ आणि नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ उभी राहिली, तर पूर्वेकडे नाना फडणीस आणि आनंदराव रास्ते यांच्या पुढाकाराने नाना पेठ व रास्ता पेठ वसल्या.

शनिवारवाड्याची उभारणी १७३० ते १७३२ या काळात झाली आणि त्यानंतर पुणे हे सत्तेचे केंद्र बनल्याने सरदार, कारकून, सावकार, भिक्षुक, शिपाई आणि सेवक यांची रीघ लागली. मुठा नदी वस्तीच्या उत्तर-पश्चिम कडेने वाहत असली, तरी दक्षिणेकडे पसरणाऱ्या पेठांना ती लांब पडे. बऱ्याच वाड्यांत आड असत. आड म्हणजे अरुंद तोंडाची, पायऱ्या नसलेली विहीर, जिच्यातून रहाटाला बांधलेल्या पोहऱ्याने पाणी शेंदले जाई. परंतु आडाचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असे, उन्हाळ्यात ते तळाला जाई आणि ज्यांना वाडा नव्हता त्यांना स्वतःचा आडही नव्हता. त्यामुळे पेठ वसवणाऱ्याला करसवलतीइतकीच पाण्याची हमीही द्यावी लागत होती.

ही हमी शहराच्या दक्षिणेकडील डोंगरातून आली. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा पावसाळ्यात वस्तीत घुसत असे. नानासाहेबांच्या काळात बंधारा घालून त्याचा शहराजवळचा प्रवाह पश्चिमेकडे वळवण्यात आला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे तयार झाले आणि कात्रज येथे धरण बांधून ओढ्याचे पाणी अडवण्यात आले. कात्रजचे काम १७५० च्या सुमाराचे. तेथील योजनेत गाळ बसण्यासाठी एक साठा आणि निवळलेले पाणी पुढे घेण्यासाठी दुसरा साठा अशी दोन टप्प्यांची व्यवस्था होती. तिथून शहरापर्यंत सुमारे दहा किलोमीटर अंतरावर दगड-चुन्याचा बंदिस्त पाट नेण्यात आला, ज्याला पुणेकर कात्रजचा नळ म्हणत. नळ म्हटले की आज डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. कात्रजचा नळ मात्र माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल एवढ्या आकाराचे भुयार होता.

या पाटाला कोणतेही यंत्र लागत नव्हते. कात्रजचा तलाव उंचावर आणि शहर सखल भागात असल्याने सलग उतार राखला की पाणी आपोआप वाहत येई. अवघड होते ते उतार राखणे. उतार फार झाला तर वेगाने चुना उखडे, कमी झाला तर गाळ साचे. ठरावीक अंतरावर पाटावर उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे जमिनीवर उभा राहणारा पोकळ मनोरा, ज्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा दाब आटोक्यात राही आणि दुरुस्तीसाठी कामगारांना आत उतरण्याची वाटही मिळे. शहरात शिरल्यावर मुख्य पाटाला फाटे फुटत आणि मातीच्या भाजलेल्या, एकमेकींत बसवलेल्या खापरी नळ्यांतून किंवा धातूच्या नळांतून पाणी हौदांपर्यंत पोहोचे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजेही याच पाण्यावर उडत असे; राजवाड्याची शोभा आणि पेठेची तहान या दोहोंचा उगम एकच होता.

शहर दक्षिणेकडे वाढत राहिल्याने एका नळाने भागेना. उत्तर पेशवाईत नाना फडणीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने स्वतंत्र नळ आणून सदाशिव पेठेत मोठा हौद बांधवला, तर रास्ते घराण्याने कोंढव्याकडून पाणी आणून रास्ता पेठेची सोय केली. या बांधकामांमागे दानाची परंपरा होती. विहीर, तळे किंवा पाणपोई बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई, त्याला पूर्तधर्म अशी शास्त्रोक्त संज्ञा होती आणि देवळाइतकीच कीर्ती पाणवठ्यामुळेही मिळे. मात्र सरदाराचा हिशेब केवळ परलोकाचा नव्हता, कारण पाणी असलेल्या पेठेत कुळे टिकत, दुकाने वाढत आणि शेटे-महाजनांच्या हक्कांचे उत्पन्नही वाढे. पाणी भरणाऱ्याकडून पैसा घेतला जात नसला, तरी पेठेच्या अर्थव्यवस्थेत पाण्याची किंमत अशी अप्रत्यक्षपणे वसूल होत असे.

हौदाभोवतीचा व्यवहार पहाटे सुरू होई. हौदाच्या सपाट माथ्यावर चौकोनी तोंडे ठेवलेली असत. त्यांतून दोरीला बांधलेली कळशी सोडून पाणी काढायचे, हंडा भरायचा आणि डोक्यावर चुंबळ ठेवून घर गाठायचे, ही बायकांची रोजची फेरी होती. ऐपत असलेल्या घरी पाणक्या असे, म्हणजे मजुरी घेऊन कावडीने किंवा हंड्यांनी पाणी भरून देणारा माणूस, आणि ब्राह्मण घरांत सोवळ्याच्या पाण्यासाठी तो ब्राह्मणच लागे. बांधकामाला, रस्त्यावर शिंपडायला किंवा ज्यांना चामड्याचा विटाळ नव्हता अशा घरांना पखालजी पाणी देई. तो शिवलेल्या कातड्याची मोठी पिशवी, म्हणजे पखाल, बैल किंवा हेल्याच्या पाठीवर लादून फिरे. पाणी एकाच पाटातून येत असले, तरी ते कोणत्या भांड्यातून आणि कोणाच्या हाताने घरात शिरते यावरून त्याची शुद्धता ठरत असे.

त्याच नियमाने हौदावर येणाऱ्या माणसांचीही विभागणी होई. अस्पृश्य मानलेल्या जातींना हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणीतरी वरून ओतेल तेवढे पाणी घेणे किंवा नदी, ओढा आणि गावकुसाजवळचे डबके यांचा आधार घेणे एवढेच मार्ग त्यांच्यापुढे उरत. पेशवाईतील नागरी सोयींचे कौतुक करताना ही बाब तळटीपेसारखी बाजूला ठेवता येत नाही. पूर्तधर्माच्या कल्पनेत दात्याला पुण्य मिळत होते, परंतु पाणी घेणाऱ्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नव्हता, आणि जिथे हक्क नसतो तिथे वहिवाटच कायदा होऊन बसते.

१८१८ साली पेशवाई संपली तरी हौद वाहत राहिले. फक्त त्यांची काळजी घेणारा दाता उरला नाही. सरदार घराण्यांचे उत्पन्न घटले, पाटांची डागडुजी रेंगाळली आणि गळतीबरोबर घाण शिरण्याचे प्रकारही वाढले. १८५७ साली पुण्यात नगरपालिका स्थापन झाली आणि पूर्वी दात्याच्या इच्छेवर चालणाऱ्या सोयी करातून चालवण्याची पद्धत हळूहळू रुळू लागली. मात्र हौदावर कोणी यावे हा प्रश्न नगरपालिकेने तत्काळ हाती घेतला नाही. तो शहरातील सुधारकांनी आपल्या अंगणातून विचारला.

१८६८ साली जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद खासगी असल्याने तो खुला करण्यास सरकारी परवानगी लागत नव्हती, परंतु घराच्या आवारातील पाणी मोकळे करणे म्हणजे जातीच्या बहिष्काराला उंबरठ्यावर बोलावणे होते. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची, म्हणजे हा हौद त्या चळवळीच्या पाच वर्षे आधीचा. विचार संस्थेच्या रूपात येण्यापूर्वी तो पाण्याच्या रूपात आला होता. पुढे सत्यशोधक समाजाचे एक नेते आणि नामांकित शल्यचिकित्सक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी काशीबाई या आपल्या अकाली वारलेल्या मुलीच्या स्मरणार्थ बुधवार पेठेत बाहुलीचा हौद बांधला आणि तो सर्व लोकांना खुला ठेवला. जुन्या सरदारांप्रमाणे घोले यांनीही दानच केले. फरक एवढाच की दान स्वीकारणाऱ्यांत कोणाला वगळायचे नाही हे दात्याने आधीच ठरवले होते.

उच्चवर्णीय समाजातही पाण्याच्या आणि पेयाच्या शिवाशिवीची पकड किती घट्ट होती, हे ज्या प्रकरणातून दिसते त्याच्या नावातही हौद आहे, हा योगायोग म्हणावा लागेल. पाच हौद भागातील ख्रिस्ती मिशनच्या आवारात ऑक्टोबर १८९० मध्ये एका कार्यक्रमानंतर उपस्थितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी तिथे होती, आणि गोपाळराव जोशी यांनी ही बातमी फोडल्यावर ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे धर्मबाह्य वर्तनाचा आरोप ठेवून जातीने चालवलेला वाद. त्याचा शेवट बहिष्कारात किंवा प्रायश्चित्तात होई. शंकराचार्यांपर्यंत गेलेल्या या वादात टिळक आणि रानडे या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. शहरातील सर्वांत वजनदार माणसांची ही गत असेल, तर हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या गरीब माणसाला वहिवाट मोडणे किती जड गेले असेल याची कल्पना येते.

याच दशकांत पाण्याचे तंत्रही बदलत होते. मुठेवर खडकवासला येथे धरणाचे काम १८६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन १८७९ च्या सुमारास पुरे झाले, कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्या जलाशयाला लेक फाइफ म्हटले जाई, आणि तेथील कालव्याचे पाणी लष्कर व शहर या दोहोंना मिळू लागले. लोखंडी नळांतून दाबाने येणारे हे पाणी खोलगट हौदात साठवून ठेवण्याची गरज नव्हती. ते तोटी फिरवताच मिळत असे. रस्त्याच्या कडेला नळकोंडाळी उभी राहिली, म्हणजे सांडपाण्यासाठी कठडा घातलेल्या, दोन-चार तोट्यांच्या सार्वजनिक जागा, आणि पाणीपट्टी भरू शकणाऱ्या वाडेमालकांनी नळ थेट चौकात घेतला. हळूहळू पाणक्याची मजुरी बुडाली, पखालजीचा धंदा बसला आणि हौदांचे पाणी पिण्याऐवजी धुण्याभांड्यांकडे व जनावरांकडे वळले.

नळामुळे शिवाशिव आपोआप नाहीशी झाली नाही. वाड्यात नळ आल्याने वरच्या जातींना सार्वजनिक पाणवठ्यावर जाण्याची गरजच उरली नाही आणि त्यामुळे संघर्षाची एक जागा कमी झाली. सार्वजनिक पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांसारख्या जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हे तत्त्व अधिकृतपणे मांडले गेले. ठराव कागदावर राहतो हे १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने दाखवून दिले. पुढे १९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्वतंत्र उल्लेख करून, राज्याच्या पैशाने चालणाऱ्या किंवा सर्वसामान्य जनतेसाठी अर्पण केलेल्या अशा जागी भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. या तरतुदीतील दुसरा भाग पूर्तधर्माच्या परंपरेला थेट लागू होतो, कारण त्यामुळे दात्याने लोकांसाठी अर्पण केलेल्या पाण्यातून कोणाला वगळण्याचा अधिकार वहिवाटीलाही उरत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर शहराचा नळ कोरडा पडला, तेव्हा वाड्यांतील आड, विहिरी आणि जुने हौद पुन्हा उपसले गेले. तात्पुरत्या निकडीतून का होईना, ऐंशी वर्षे एकाच स्रोतावर विसंबलेल्या शहराला आपल्या जुन्या, विखुरलेल्या पाणीव्यवस्थेची उपयुक्तता त्या वेळी कळली. मात्र धोका टळताच त्या जागा पुन्हा विस्मृतीत गेल्या आणि रस्तारुंदी, इमारती व वाहनतळ यांच्या रेट्यात अनेक हौद बुजवले गेले किंवा हलवले गेले.

पेठेतील पाण्याचा हा इतिहास पाहता, जुनी व्यवस्था चांगली आणि नवी वाईट, किंवा त्याच्या उलट, असा सरळ निवाडा करता येत नाही. कात्रजच्या पाटाने इंधनाशिवाय आणि पाणीपट्टीशिवाय शहर पोसले, परंतु ते पाणी दात्याच्या कृपेचे आणि जातीच्या मर्जीचे होते. नगरपालिकेच्या नळाने ते कराच्या बदल्यात मागता येण्याजोगे केले, तरी ज्याच्याकडे घर आणि पट्टीपावती आहे त्याच्याच दारापर्यंत तो आधी पोहोचला. फुले आणि घोले यांनी या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात मांडलेली अट, म्हणजे पाणी सार्वजनिक म्हणायचे तर ते आधी वगळलेल्यांना मिळाले पाहिजे, ही कोणत्याही नागरी सोयीची कसोटी म्हणून आजही लागू पडते. शहराचा पाणीपुरवठा किती दशलक्ष लिटर आहे यावरून नव्हे, तर त्यातला शेवटचा हंडा कोणत्या वस्तीत भरला जातो यावरून तिचे उत्तर मिळते.