फळांच्या रसाचे मोती (पॉपिंग बोबा)

पातळ, पारदर्शक पापुद्र्यात फळाचा रस द्रवरूपातच कोंडून केलेले लहान गोल दाणे. दाताखाली पापुद्रा फुटला की रस तोंडभर पसरतो. बबल टी, फालुदा, आइसक्रीम यांवर ते घालतात. तैवानी बबल टीमधल्या मूळच्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या नात्यातल्या. त्या आतपर्यंत घट्ट आणि चिवट असतात. चायनाग्रासचे गरम मिश्रण थंडगार तेलात थेंब थेंब सोडून केलेले दाणे दिसतात असेच, पण तेही आरपार गोठलेले. फुटण्याचा गुण या दोन्हींत नाही, आणि मोत्यांचा सारा खटाटोप त्या गुणासाठीच असतो.

पापुद्रा तयार होतो तो सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम यांच्या संयोगातून. अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालांतून काढतात. ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शोधले. दंतवैद्य दातांचा साचा घेताना जे मिश्रण वापरतात त्यात ते असते, आणि सुती कापडावरच्या छपाईत रंग दाट करण्यासाठीही ते लागते. सोडियम असेपर्यंत अल्जिनेटच्या लांब साखळ्या पाण्यात सुट्या राहतात. कॅल्शियम आला की तो दोन साखळ्यांना एकत्र बांधतो आणि जाळे विणले जाते. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तेव्हा चुन्यातला कॅल्शियम फोडींतल्या पेक्टिनला असाच बांधतो, म्हणून त्या पाकात विरघळत नाहीत.

अल्जिनेटपासून कृत्रिम चेरी करण्याची पद्धत विल्यम पेशार्ट याने १९४० च्या दशकात पेटंट केली होती. उपाहारगृहाच्या ताटात मात्र ही युक्ती आली ती स्पेनमधील कातालोनियात, रोसेस गावाजवळच्या ‘एल बुल्यी’मध्ये. फेरान आद्रिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खरबुजाच्या रसाचे माशाच्या अंड्यांसारखे दिसणारे दाणे वाढले. ते उपाहारगृह २०११ मध्ये बंद झाले, पण तोवर ही पद्धत घरोघरच्या हौशी स्वयंपाक्यांपर्यंत पोहोचली होती.

घरी करायला सोपी ती सरळ पद्धत: अल्जिनेट रसात, कॅल्शियम पाण्यात. १०० मिलि. गाळलेल्या रसाला अर्धा ग्रॅम सोडियम अल्जिनेट पुरते. चमच्याच्या अंदाजाने हे जमत नाही. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा हवाच. पूड नुसती भुरभुरली तर गुठळ्या होतात, म्हणून ती थोड्या साखरेत कालवून मिक्सरमधून रसाबरोबर फिरवतात. फिरवताना शिरलेली हवा निघून जाण्यासाठी मिश्रण काही तास फ्रिजमध्ये ठेवतात. हवेचे बुडबुडे राहिले तर दाणे तरंगतात आणि एका बाजूने नीट आवळत नाहीत. दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम खाद्य दर्जाचे कॅल्शियम क्लोराइड विरघळवतात. कपाटातली ओल शोषण्यासाठी मिळणारे कॅल्शियम क्लोराइड खाण्यासाठी नसते, ते वापरू नये. सुई काढलेल्या सिरिंजमधून रस थेंब थेंब या पाण्यात सोडावा, साधारण मिनिटभराने बुंदीसारखा झाऱ्याने उपसून घ्यावा आणि लगेच साध्या पाण्यात धुवावा. न धुतल्यास कॅल्शियम क्लोराइडची खारट-कडवट चव राहते.

रसात पाणी घालायचे असेल तर बोअरवेलचे नको. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आधीच असतो, त्यामुळे मिश्रण भांड्यातच गोठू लागते. दूध-दह्याचे मोती सरळ पद्धतीने होत नाहीत तेही याच कारणाने. आंबट रसाची अडचण वेगळी: सामू ३.६ च्या खाली गेला की अल्जिनेटचे अल्जिनिक आम्ल बनते आणि मिश्रण दाटून गुठळ्या धरते. लिंबू, कोकम, कैरी इथेच अडतात. चिमूटभर सोडियम सायट्रेटने आम्लता उतरते. फार घातले तर चव बिघडते आणि ते कॅल्शियमलाही अडवून धरते. पहिल्या प्रयत्नाला कलिंगड किंवा खरबूज घ्यावे, हे उत्तम.

सरळ पद्धतीचे मोती टिकत नाहीत. धुतल्यावरही पापुद्र्यातला उरलासुरला कॅल्शियम आत सरकत राहतो, आणि आत अल्जिनेट असल्याने दाणा हळूहळू पूर्ण गोठतो. पाहुणे आल्यावरच ते पाडावेत. सकाळी करून संध्याकाळी वाढले तर फुटायचे काहीच उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे उलट पद्धत. रसात सुमारे २ टक्के कॅल्शियम लॅक्टेट घालतात, कारण क्लोराइडच्या मानाने त्याची चव सौम्य असते. अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. आता कॅल्शियम आतून बाहेर येतो, आणि धुतल्यावर बाहेर अल्जिनेटच नसल्याने पापुद्रा जाड व्हायचे थांबते. बाटलीबंद मोत्यांच्या घटकांत कॅल्शियम लॅक्टेट सर्रास आढळते ते म्हणूनच. अडचण एवढीच की अल्जिनेटचे पाणी दाट असते, पातळ रसाचा थेंब त्यावर पसरतो. रस झँथन गमने दाट करतात, किंवा अर्धगोल साच्यात गोठवून त्याचे खडे अल्जिनेटच्या पाण्यात सोडतात. दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सुटे सुटे ठेवावे लागतात. तयार मोती त्याच फळाच्या रसात किंवा पातळ पाकात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात. साध्या पाण्यात त्यांची गोडी उतरते. जिलेटिन उष्णतेने वितळते, हा पापुद्रा वितळत नाही, त्यामुळे ते गरम चहातही घालता येतात.