उल्हास, पाताळगंगा आणि कोरीव डोणीचा शोध

उत्तर कोकणातील प्राचीन जलमार्गांचा विचार करताना कर्जत व खालापूर तालुक्यांतील नद्यांकडे अभ्यासकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. उल्हास कल्याणकडे, तर पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे वाहते. बोरघाटाची वाट याच प्रदेशात उतरते आणि उल्हासच्या खोऱ्यात कोंडाणे व आंबिवली येथील लेणी आहेत. यावरून एका खोडातून कोरलेल्या डोणी घाटाच्या पायथ्यापर्यंत येत असाव्यात, असे अनुमान सहज सुचते. ते मात्र तपासून घेतले पाहिजे.

डोणीची परंपरा प्राचीन आहे, यात संशय नाही. संस्कृत 'द्रोणी' या शब्दाला लाकडी कुंडी व नौका असे दोन्ही अर्थ आहेत आणि अमरकोशाने तो वारिवर्गात दिला आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दहानुका या सहा नद्यांवर धर्मार्थ नावा ठेवल्याचा उल्लेख येतो. परंतु त्या नावांची घडण तेथे सांगितलेली नाही. शिवाय तो नदी ओलांडण्याचा पुरावा होय, प्रवाहातून दूरवर प्रवास केल्याचा नव्हे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आज या नद्यांना उन्हाळ्यातही जे पाणी दिसते, त्यातील मोठा भाग टाटांच्या वीजकेंद्रांतून येतो. खोपोलीचे केंद्र १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर पूर्ववाहिनी नद्यांच्या खोऱ्यांत अडविलेले पाणी तेव्हापासून पश्चिमेस उतरू लागले. अर्थात आजच्या प्रवाहावरून सातवाहनकालीन नौकानयनाचे अनुमान काढणे सदोष ठरते.

तिसरा प्रश्न अवशेष टिकण्याचा. नेदरलँड्समधील पेसे येथे १९५५ साली सापडलेली, इसवी सनापूर्वी सुमारे ८००० वर्षांची डोणी टिकली, ती तेथील दलदलीच्या निर्वात थरामुळे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पात्र खडकाळ आहे आणि दर पावसाळ्यात पूर ते धुऊन काढतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात उघडे लाकूड जहाजकिडा पोखरतो. गाळात खोल गाडले गेलेले मात्र वाचू शकते.

म्हणून शोधाचे क्षेत्र बदलणे युक्त होय. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने डॉ. शि. रं. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात संशोधन केले. त्या शास्त्राला येथे वाव आहे तो भरतीच्या सीमेखालील गाळात. कर्जत-खालापूरच्या डोणीचा पुरावा मिळालाच, तर तो त्या तालुक्यांच्या बाहेर, नदीच्या मुखाकडे मिळण्याचा संभव अधिक आहे.